चौसष्ट रिकाम्या चौकटी

झांजा वाजल्या आणि दुसरं काहीच वाजलं नाही. म्हणजे तंतुवाद्यांची खालची घुरघुर चालू होती, पण तिला वाजणं म्हणत नाहीत. सकाळची तालीम, पावणेअकराचा सुमार, समोर नऊशे रिकाम्या खुर्च्या, आणि माझ्या हातांतल्या दोन पितळी झांजांचा तो प्रचंड आवाज एकटाच वर गेला, छताला लागला आणि खाली यायला त्याने चांगला वेळ घेतला. पुढे झगेवाला, म्हणजे आमच्याबरोबर कार्यक्रम करायला आलेल्या पाहुण्या मंडळींचा मुख्य गायक, बोलत होता. वाक्याच्या मधोमध होता. 'आणि मग दुसरं जहाज' एवढ्यावर त्याचं तोंड उघडं राहिलं. मग त्याने काय करावं? छातीवर हात दाबून, गोळी लागल्यासारखा, आरशांचे तुकडे शिवलेला तो आपला झगा पसरत आडवा झाला. चाळीस माणसं हसली. ज्यांच्याबरोबर मी सव्वीस वर्षं वाजवतोय ती माणसं. शेजारचा नगारेवाला तर इतका हसला की त्याला नगाऱ्याचाच आधार घ्यावा लागला. झगेवाला पडल्यापडल्या मान वळवून म्हणाला, "मागचे काका जागे आहेत, बरं का." पुन्हा हशा. मी झांजा एकमेकींवर दाबून त्यांचा उरलेला आवाज मारला आणि त्या स्टँडवर ठेवल्या.

मी चुकलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी सगळं ह्या एका वाक्यावरूनच बिघडत गेलं. वाद्यवृंदात झांजा वाजवणारा माणूस वाजवतो असं लोकांना वाटतं. तो वाजवत नाही, मोजतो. आमच्या कागदावर चौकटी आखलेल्या असतात, एकेका चौकटीत चार ठोके. व्हायोलिनवाल्यांच्या चौकटी मुंग्या लागल्यासारख्या काळ्या, माझ्या पांढऱ्या. वीस रिकाम्या, साठ रिकाम्या, एकदा तर दोनशे सहा रिकाम्या, आणि त्यानंतर एक टिंब. तिथे मी. तोवर मनात चालू असतं: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, पहिला आकडा चौकटीचा, बाकीचे ठोक्यांचे. ही सवय इतकी मुरली आहे की दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलो तरी मी मोजतो, आणि बायको म्हणते, भांडतानासुद्धा तुमचे ओठ हलत असतात, माझं संपायला किती चौकटी राहिल्या ते बघता काय. सव्वीस वर्षांत एकदाही मी एक ठोका इकडचा तिकडे केला नाही. ह्या गाण्यात मला चौसष्ट चौकटी रिकाम्या होत्या, चौसष्ट संपल्या, मी वाजवलं. त्या जागी माझाच ठोका पहिला, एकट्याचा. तो पडला की बाकीच्यांनी उठायचं. भानगड अशी होती की ह्या मंडळींकडे कागदच नव्हते. आमच्या कागद उतरवणाऱ्याने ते त्यांच्या ध्वनिमुद्रिकेवरून ऐकून उतरवले होते, आणि मुद्रिकेत झगेवाल्याचं ते मधलं बोलणं बरोबर चौसष्ट चौकटींत संपतं. पण ते त्या एका दिवशी. एरवी तो मनाला येईल तितकं बोलतो, त्याची माणसं त्याच्याकडे बघत तोच तो तुकडा घोळवत बसतात, आणि त्याचं झालं की सगळे मिळून उसळतात. दोनशे ठिकाणी गायले म्हणे. दोनशे ठिकाणी एकानेही मोजलं नव्हतं. मोजणारा पहिला माणूस मी निघालो, आणि हसं झालं ते माझं.

ह्या लोकांचं मला कळतच नाही. आठ दिवस झाले ते आमच्या सभागृहात मांडामांड करतायत. एक चंद्र आणलाय, दोरीवरून उतरणारा. धुराचं यंत्र आणलंय, त्याने बासरीवालीला खोकला झाला. अकरा जणांपैकी तिघांना पंख आहेत. गाणं म्हणजे तीन-चार मिनिटांची गोष्ट, माणसाने सांगावी आणि गप्प बसावं. ह्यांच्या एकेका गाण्याला चार अंक. आधी कुजबुज, मग एकटं पियानो, मग चाळीस माणसांचा समुद्र, मग पुन्हा कुजबुज. प्रत्येक गाण्यात कुणीतरी मरतं नाहीतर परत येतं. जी गोष्ट दोन सुरांत सांगून होते तिला चंद्र कशाला लागतो? आणि वर्तमानपत्रांतून मोठमोठी माणसं लिहितात, की ह्यांना गंभीरपणे घ्यायला हवं, ही नुसती करमणूक नव्हे. घ्या की. मी नाही म्हणत नाही. पण गंभीर असणाऱ्याला आपण गंभीर आहोत हे झगा घालून सांगावं लागत नाही. खरं दुःख खुर्चीत सरळ बसतं. हे वाक्य मी त्या आठ दिवसांत चार जणांना ऐकवलं होतं, नगारेवाल्याला दोनदा, आणि ऐकवताना दरवेळी मला बरं वाटायचं आणि लगेच उसनी वस्तू मिरवल्यासारखं व्हायचं. कारण वाक्य माझं नव्हतंच. ते संगीतशाळेतल्या आमच्या सरांचं. सर चौपन्न वर्षं मोजत होते. ते म्हणायचे, वाजवणाऱ्याने कुणाच्या चेहऱ्याकडे बघू नये, चेहरा फसवतो, आकडा फसवत नाही. मी अठरा वर्षांचा होतो आणि तोवरच्या माझ्या सगळ्या आयुष्यात मी आकड्याकडे नव्हे, फक्त एका माणसाच्या पाठीकडे बघत वाजवलं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टंकलेखक होते, आणि आठवड्यातून एका संध्याकाळी निरूपणाला उभे राहायचे. गाऊन निरूपण. चार वाक्यं बोलायची, पाचवं गायचं, मध्येच गोष्ट, गोष्टीत सोंगं, सोंगांतून पुन्हा देवाकडे. रुमाल डोक्याला गुंडाळला की म्हातारी, खांद्यावर टाकला की सावकार. आवाज बदलायचे, रडायचे, खरंच रडायचे, आणि रडतारडता पहिल्या रांगेत पेंगणाऱ्याची टिंगल करायचे, की देवाला निजलेली माणसं आवडतात, त्यांचं घोरणं एका सुरात असतं. मी मागे झांजा धरून उभा. लहान झांजा, ह्या मोठ्यांच्या नाती शोभतील अशा. त्यांची एक गोष्ट होती नावाड्याची, त्यांनीच रचलेली. नावाडी एका आजारी बाईला पलीकडे पोचवतोय. काठावरून देव हाक मारतो, मला आत्ता घेऊन चल. नावाडी मान न वळवता म्हणतो, थांबा जरा, आधी ही. आणि देव थांबतो. इथे अण्णा काही बोलायचे नाहीत. देव थांबलाय म्हणजे थांबलाय. कुणी खाकरायचं, एखादं मूल रडायचं, खिडकीबाहेरून सायकल जायची, आणि अण्णा नुसते उभे, हात खाली, देवासारखे. किती वेळ? ते कधी ठरलेलं नसायचं. बायकांच्या डोळ्यांना पदर लागले की, की त्याच्याही नंतर, कोण जाणे. मला एवढंच ठाऊक होतं की त्यांचा कोट कचेरीचाच, पाठीवर रंग उडालेला, आणि क्षण आला की उजव्या खांद्याखाली त्याला एक सुरकुती पडायची. सुरकुती पडली की मी झांज मारायचो आणि सगळी खोली गायला लागायची. मी कधी चुकलो नाही. चुकण्याची सोयच नव्हती. त्या पाठीशिवाय मला दुसरं काही दिसतच नसे.

संगीतशाळेच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आलो तेव्हा अण्णांनी मला नेहमीसारखं मागे उभं केलं. मी नको म्हणालो नाही. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा ते सगळं बाहेरून दिसलं. रुमाल दिसला. रुमालाचा मळका काठ दिसला. ते रडले तेव्हा ते आधी श्वास कसा भरून घेतात ते दिसलं. माझ्या बरोबरीच्या दोन मुली तिसऱ्या रांगेत होत्या, त्यांच्याकडे बघून मी कसनुसा हसलोसुद्धा, म्हणजे, आमचे अण्णा, चालायचंच. आणि देव थांबला तेव्हा मी मोजायला लागलो. मुद्दाम नाही. हात जसा पोळला की मागे येतो तसा माझा जीव आकड्यांत शिरला. आठ चौकटी भरल्या. आठ ही चांगली, पूर्ण, सुबक संख्या आहे. मी वाजवलं. अण्णांचे हात अजून खालीच होते. ते वळले, एक क्षण माझ्याकडे बघितलं, आणि मग लोकांकडे तोंड करून म्हणाले, देवसुद्धा दचकला बघा. लोक हसले. पुढे गाणं झालं, प्रार्थना झाली, सगळं झालं. घरी जाताना ते मला म्हणाले, "किती मोजलेस?" मी म्हणालो आठ. ते "अस्सं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी मागे उभं केलं नाही, आणि मी, खोटं कशाला बोलू, सुटलो असंच म्हणालो.

तर हे सगळं पावणेअकरा ते अकराच्या पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यातून गेलं, आणि चहाची सुट्टी झाल्याबरोबर मी मास्तरांच्या खोलीत गेलो. मास्तर म्हणजे आमचे संचालक, छडी हलवणारे. आमच्या वाद्यवृंदाचा एक जुना नियम आहे: वर्षातून एका कार्यक्रमाला, कारण न देता, वादक नकारपत्र देऊ शकतो, मात्र ते चारच्या आत कचेरीत पोचायला हवं. सव्वीस वर्षांत मी ते कधी वापरलं नव्हतं. मी छापील कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, एक तर त्या माणसाने आपलं बोलणं चौसष्टात बसवावं, नाहीतर हा कागद. मास्तर चष्मा पुसत म्हणाले की अहो, मी त्याच्याकडे बघून तुम्हाला खूण करीन ना. मी म्हणालो, मी खुणेवर वाजवत नाही. ते म्हणाले, हट्ट आहे. मी म्हणालो, कागद आहे. मास्तर कागदाचे माणूस आहेत. चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, खरं आहे, छापलंय चौसष्ट तर चौसष्ट, मी सांगतो त्यांना, एवढी शिस्त त्यांनाही बरी. मी माझं नकारपत्र, न भरलेलं, घडी करून वरच्या खिशात ठेवलं. जिंकून बाहेर आलो. जिंकल्यावर जे वाटायला हवं ते वाटण्याची वाट बघत मी मार्गिकेत उभा राहिलो, आणि तिथे, एका गुंडाळलेल्या चंद्राशेजारी, मला फार स्पष्टपणे कळलं की मला एवढा राग का येतोय. झगेवाला पोकळ असायलाच हवा होता. तो पोकळ निघाला नाही, ते पंख आणि तो धूर आणि ते रडणं ह्यांच्या आत खरोखरच काही असलं, तर मग मी एकोणिसाव्या वर्षी कुणावर हसलो होतो? मला ह्या माणसाची सगळी गाणी खोटी हवी होती. एकही अपवाद परवडणारा नव्हता. मला स्वतःचीच चीड आली, आणि ती चीड मी ताबडतोब त्या चंद्राकडे वळवली. जाताजाता त्याला बूट लागला तो अगदीच चुकून नव्हे.

उपाहारगृहात मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो होतो तेव्हा तो आला. झगा नव्हता. झग्याशिवाय तो बँकेत रांगेत पुढे उभा असावा असा दिसत होता, केस विरळ, स्वेटरचा कोपर उसवलेला. बसू का म्हणाला. बसल्यावर आधी सकाळच्या थट्टेबद्दल माफी मागितली, सरळ, लांबण न लावता, त्यामुळे मला रागावायलाही नीट जागा राहिली नाही. मग म्हणाला, "काका, मास्तरांनी सांगितलं. चौसष्ट. मला एक सांगा, चौसष्ट म्हणजे नेमकं किती हो? मला मोजता येत नाही. मी कधी मोजलंच नाही."

मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्याने खिशातून कागद काढला, त्यावर त्याची गोष्ट लिहिली होती, गाण्यातली, दीपगृहवाल्याची: वादळात दिवा विझतो, आणि राखणदार कठड्यावर उभा राहून नुसत्या आवाजाने जहाजांना हाका मारतो. तीन जहाजं. पहिलं ऐकतं, वळतं. दुसरं ऐकत नाही. तिसऱ्यावर त्याचा भाऊ आहे, आणि त्याला कळत नाही की हाक द्यावी ती राखणदार म्हणून की भाऊ म्हणून. मी विचारलं की हे दरवेळी वेगळं का बोलता. तो म्हणाला, समोरची माणसं वेगळी असतात. कधी दुसऱ्या जहाजापाशीच इतकी अडकतात की तिथून त्यांना ओढून नेणं बरं वाटत नाही. मी म्हणालो, म्हणजे तुम्ही ठरवत नाही. तो ओशाळून म्हणाला, नाही, ठरवलं की मला ते नाटकी वाटायला लागतं. हे वाक्य त्या झगेवाल्याने म्हणावं. पंख लावलेली तीन माणसं पदरी बाळगणाऱ्याने. मी त्याला मोजायला शिकवलं. टेबलावर बोटं वाजवून: एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार. तो शाळेतल्या मुलासारखा पुटपुटत होता, अकराव्या चौकटीशी चुकायचा, जीभ चावायचा, पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासाने त्याला येऊ लागलं. मांडीवर बोटं ठेवून, बोलताबोलता, हळूच. त्याने पेनाने कागदावर रेघा मारल्या: पहिलं जहाज विसाव्यापर्यंत, दुसरं चाळिसाव्यापर्यंत. "दुसरं जरा छाटतो," तो म्हणाला. मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. शिकवणाऱ्याला वाटतो तसा. सर असते तर खूश झाले असते.

साडेतीनला मी ताईला फोन केला. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, अण्णांजवळ शेवटपर्यंत तीच होती. आजच्या कार्यक्रमाचं तिकीट तिने महिनाभर आधीच काढलं होतं, आणि माझ्यासाठी नव्हे, हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. तुझी झांज मी आयुष्यभर ऐकलीय, मी त्या पोरासाठी येतेय. तिला त्या पोराची सगळी गाणी पाठ. फोनवर मी तिला सकाळची गंमत म्हणून सांगितली, गंमत म्हणून सांगता येते का ते बघत. पडला कसा, हसले कसे, आणि मग मी त्याला कसा वठणीवर आणला, चौसष्ट कसे शिकवले, बोटं कशी ठेवायला लावली. ताई हसली नाही. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. ती म्हणाली, त्यालाही शिकवलंस? मी म्हणालो, त्यालाही म्हणजे? ती म्हणाली, काही नाही. मी म्हणालो, आता बोललीस तर पुरं बोल, अर्धवट बोलण्याची तुझी जुनी खोड आहे. तेव्हा तिने सांगितलं. माझी सुट्टी संपून मी परत गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा तिच्याकडे आले. ती शाळेत असताना बँडमध्ये होती, तिला मोजता यायचं. म्हणाले, पोरगा शिकून आलाय, मला तेवढं चार-चार मोजायला शिकव. महिनाभर जिन्याच्या पायरीवर बसून तिने शिकवलं. अण्णा तळहातावर शाईने चौकटी काढून निरूपणाला जायला लागले. देव आठ चौकटी थांबायचा. नावाडी मोजून वल्ही मारायचा. रडणं त्यांनी काढून टाकलं, रुमाल घरी ठेवला. लोकांना काय झालं ते कळेना, पण काहीतरी गेलं हे कळलं. आधी मागच्या रांगा गेल्या, मग मधल्या. शेवटच्या वर्षी वीस-बावीस माणसं असायची, त्यातली निम्मी नात्यातली.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, त्याला वाटेल त्याच्यामुळे झालं." जरा थांबून ती म्हणाली, "आणि झालं ते तुझ्यामुळेच."

"रागावले होते माझ्यावर?"

"रागावले असते तर फार बरं झालं असतं रे. त्यांना तुझं पटलं होतं."

मी फोन ठेवला तेव्हा चारला दहा मिनिटं होती. नकारपत्र खिशात होतं, कचेरी एका जिन्यावर. आता ते देऊन टाकणं सगळ्यांत सोपं होतं; मी गेलो असतो तर माझ्या जागी यंत्रातून आवाज सोडला असता, आणि यंत्र काही झगेवाल्याला चौसष्टात बस म्हणालं नसतं. जिन्यापर्यंत गेलोही. पण मास्तर शब्द देऊन बसले होते, सगळ्यांच्या कागदांवर चौसष्ट पक्कं झालं होतं, त्याने रेघा मारल्या होत्या. यंत्रसुद्धा आता चौसष्टालाच सोडलं असतं. मी पेरलेलं माझ्यावाचून उगवणार होतं. मी वळलो आणि त्याच्या खोलीकडे गेलो, सांगायला, की ते विसरा, बोला हवं तितकं. दाराबाहेर पंखवाली एक मुलगी बसून पंखाला टाका घालत होती. तिने तोंडातला दोरा न काढता मला थांबवलं. आत कुणालाच सोडायचं नाही म्हणाली, ते मोजतायत. मी म्हणालो, फक्त एक मिनिट. ती म्हणाली, तुम्हीच ना ते काका, तुम्हीच शिकवलंत ना, मग मध्ये बोललं की चुकतं हे तुम्हाला ठाऊकच आहे. दारापलीकडून त्याचा आवाज येत होता. सत्तावीस दोन तीन चार. अठ्ठावीस दोन तीन चार. मी दारावर हात ठेवला, पण दार वाजवलं नाही. देवा, मी म्हणालो, आणि पुढे काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. लहानपणापासून प्रार्थना करत आलोय, पण असं अर्धवट नुसतं नाव घेऊन मी कधी उभा राहिलो नव्हतो.

साडेसहाला पडदा उघडला. नऊशे माणसं. धूर आला, चंद्र उतरला, बासरीवाली खोकली. पहिली दोन गाणी वाईट होती, हे मी आजही म्हणेन. एक तर निव्वळ आरडाओरडा. तिसरं बरं होतं. चौथ्यात पंख उघडले तेव्हा लोकांनी श्वास रोखला आणि मीही जरासा रोखला, कारण ते बोटभर टाके घालणारी मुलगी मला आठवली. मग दीपगृह. पियानो, मग समुद्र, मग समुद्र खाली बसला आणि तंतुवाद्यांची ती घुरघुर सुरू झाली. माझं डोकं आपोआप मोजायला लागलं, ते मला विचारत नाही. झगेवाला बोलायला लागला आणि दहाव्या चौकटीतच मला कळलं. गोष्ट तीच होती. शब्दही तेच. पण ते शब्द तो एखाद्या लांबच्या नातेवाइकाच्या घरी कपबशा उचलाव्यात तसे उचलत होता. पहिलं जहाज विसाला वळलं. दुसरं एका वाक्यात बुडालं. तिथे एक बाई पुढच्या रांगेत किंचित पुढे झुकली होती, ती तशीच झुकलेली राहिली, कारण तो पुढे निघून गेला होता. तिसरं आलं, भाऊ आला, हाक झाली. झग्याच्या घडीत त्याची बोटं मांडीवर चालली होती, मला मागून दिसत होती. साठाव्या चौकटीला त्याचं सगळं सांगून झालं. चार चौकटी उरल्या. त्या चार चौकटी तो नऊशे माणसांसमोर काहीही न बोलता, कशाचीही वाट न बघता, नुसता मोजत उभा होता, आणि मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बरोबर आलं ना, असं. गणित सुटलेल्या मुलासारखं.

मास्तरांची छडी माझ्या दिशेने वर गेली. त्रेसष्ट दोन तीन चार. मी झांजा उचलल्या, फाकवल्या. चौसष्ट दोन तीन चार.

मी वाजवलं नाही.

पासष्ट. छडी हवेत तशीच. मास्तरांच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. नगारेवाला दात न उघडता म्हणाला, अहो, अहो, तुमचं झालं. सहासष्ट. तंतुवाद्यं बिचारी तोच तुकडा पुन्हा घोळवायला लागली, दुसरं करणार काय. झगेवाल्याने आधी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. त्याला वाटलं तोच चुकला. ते बघणं मला सहन झालं नाही. मी मान हलवली. हनुवटीने त्याला समोर दाखवलं, त्या झुकलेल्या बाईकडे, सगळ्यांकडे, आणि आवाज न काढता ओठांनी म्हणालो: बोला. त्याला कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो. एकोणसत्तर. मांडीवरची बोटं हळूहळू थांबली. तो लोकांकडे वळला आणि साध्या, स्वेटर घातलेल्या आवाजात म्हणाला, "माफ करा. दुसरं जहाज मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही."

तो सांगायला लागला. जहाज कुठून निघालं होतं, त्यावर कोण होतं, हाक ऐकू न येण्याइतका वारा कसा असतो. मध्येच काही विनोद केला, लोक हसले, आणि हसू संपायच्या आत त्याने त्यांना पाण्यात नेलं. थोडं जास्तच रंगवत होता. हात उगीच पसरत होता. एकदा तर चक्क गुडघ्यावर बसला. मास्तर माझ्याकडे बघत होते, उद्या मला खुलासा लिहून द्यावा लागणार होता, सत्तरच्या पुढे कुठेतरी माझ्या हातून आकडा निसटला आणि मी तो शोधायला गेलो नाही. फाकवलेल्या झांजा जड असतात. माणसं त्या मारायला धरतात, धरून ठेवायला नाही. खांदे भरून आले, मनगटं कापायला लागली, घाम डोळ्यांत उतरला, आणि त्याचं अजून दुसरंच जहाज चाललं होतं, तिसऱ्याचा पत्ता नाही. किती बोलतो हा माणूस, मी मनात म्हणालो, अरे, किती बोलतो, आणि झांजा तशाच उघड्या धरून उभा राहिलो.